भातावर खापर फोडण्यापूर्वी

गेल्या अंकातील आहारविषयक लेखाने मधुमेहाचे सारे खापर भातावर फोडले आहे. कान्हे परिसरातल्या वाचकांना ते पटणार नाही.

मावळचे मुख्य पीकच भात. ‘इंद्रायणी’ हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आले. सडीक भाताने साखर लवकर वाढते, हे खरे. पण चिखलणी-लावणीत राबणारी माणसे तो आमटी, रानभाजी, ओढ्यातल्या मासळीबरोबर खात. आता दिवसभर बैठे काम, मधल्या वेळी वडापाव आणि गोड चहा. रात्री उशिरा ताटभर भात, भाजी नावापुरती.

शिवाय मधुमेहाचे मूळ आईच्या आहारातही असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या आईच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त, तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याचे त्यात आढळले. बी-12 मिळते दूध-दही, अंडी, मासे, मटणातून.

म्हणून संपादकांना विनंती: ‘भात सोडा’ असे सरसकट सांगू नका. भात बेताचा, डाळ-भाजी भरपूर आणि सुनेच्या वाट्याला रोज दूध किंवा अंडे, हे ठळक छापा.

— एक वाचक, कान्हे (ता. मावळ)