चावी तीनदा फिरवा!

आमच्या बाबांची गाडी १९९६ची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे घरात लाडही तिचेच जास्त. सकाळी बिचारी शहाण्यासारखी चालू होते. पण मुंबईला जाताना खालापूरच्या फूड मॉलला चहाला थांबलो की संपलं! वीस मिनिटांनी येऊन सेल्फ मारा, नुसतं घर्रर्र... घर्रर्र. अर्धा तास उन्हात उभे राहा, मग बाईसाहेबांचा मूड येतो.

एका गॅरेजने बॅटरी बदलली. दुसऱ्याने थेट 'पेट्रोल पंप गेला' म्हणत असा आकडा सांगितला, की बाबा चक्क म्हणाले, "विकून टाकू." बाबा! जे वायपरसुद्धा स्वतः पुसतात!

तिसरे मेकॅनिक काका निघाले भारी. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "चावी ऑन करून दोन सेकंद थांबता का?" गाडी तापवून बंद केली, वीस मिनिटं थांबले, मग चावी ऑन-ऑफ, ऑन-ऑफ, ऑन, आणि सेल्फ. गाडी चालू!

फंडा असा आहे. इंजेक्शनच्या गाडीत पंप पेट्रोल दाबून इंजिनपाशी आणतो. आमच्या गाडीसारख्या सिस्टिममध्ये प्रेशर साधारण ३ बार. टायरमध्ये आपण जेमतेम २ बार हवा भरतो. उरलेलं पेट्रोल रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. गाडी बंद केल्यावरही हे प्रेशर बराच वेळ टिकायला हवं, कारण दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनाशेजारीही सहजासहजी उकळत नाही. प्रेशर गेलं की पाइपात वाफ होते, आणि इंजेक्टरने वाफ फवारून गाडी थोडीच चालू होणार? चावी ऑन केली की पंप एक-दोन सेकंद फिरतो. तीनदा केलं की प्रेशर पुन्हा भरतं. सकाळी इंजिन थंड, वाफेचा प्रश्नच नाही, म्हणून तेव्हा नाटकं नाहीत.

पण प्रेशर जातंय कुठे? वाटा तीन: पंपातला चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. काकांनी गेज लावला. इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांत काटा शून्यावर! मग गाडी पुन्हा चालू करून बंद केली आणि लगेच टाकीकडे परत जाणारा रबरी पाइप क्लॅम्पने दाबला. काटा जागेवर. म्हणजे चोर रेग्युलेटर. पंपाकडून येणारा पाइप दाबून काटा थांबला असता तर चेक व्हॉल्व्ह. दोन्ही दाबूनही उतरला असता आणि बाहेर कुठे गळती नसती, तर इंजेक्टर. तो प्रकार सगळ्यात वाईट, कारण पेट्रोल सिलिंडरमध्ये ठिबकतं आणि इंजिन ऑइल पातळ होतं.  रेग्युलेटर आतून निकामी झालेला. कंपनीला काय बोलणार? इतकी वर्षं कुठलं रबर टिकतं? त्यात २०२३पासून २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलंय, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून काकांनी पाइपही बदलायला लावले, तेही इंजेक्शनचं प्रेशर झेलणारे. कार्बोरेटरच्या गाडीचे चालत नाहीत.

हे उद्योग घरी पार्किंगमध्ये करू नका, प्लीज. प्रेशरखालचं पेट्रोल गरम इंजिनावर उडालं तर काय होईल, सांगायला नको. काकांच्या हाताशी फायर एक्स्टिंग्विशर होता. आणि नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना परतीचा पाइपच नसतो, तिथे ही क्लॅम्पची युक्ती चालत नाही. तुम्ही फक्त गाडी तापल्यावर चावीचा प्रयोग करा आणि काय झालं ते मेकॅनिकला सांगा. पंप बदलायचं म्हणाला, तर 'आधी गेज लावा' म्हणा.

गेल्या रविवारी पुन्हा खालापूरला थांबलो. वडापाव, चहा, मग आणखी एक चहा. बाबांनी सवयीने चावी तीनदा फिरवलीच. "अहो, आता गरज नाही!" आई मागून ओरडली. गाडी केव्हाच चालू झाली होती.