परवाना : हक्क कीं मेहेरबानी ?

शहरांत राहणाऱ्या सामान्य माणसास राज्यकारभाराचें दर्शन घडतें तें मंत्र्यांच्या भाषणांत नव्हे, तर वॉर्ड ऑफिसाच्या खिडकीपाशीं. खानावळ काढावयाची, भाजीची हातगाडी लावावयाची, उत्सवाचा मांडव घालावयाचा किंवा एखाद्या सत्कार्यासाठीं वर्गणी जमवावयाची म्हटलें कीं, कोणत्या ना कोणत्या कचेरींतून एक कागद आणल्यावांचून त्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. हा कागद म्हणजे नागरिकाच्या हक्काची नोंद आहे, कीं तो देणाऱ्याची मेहेरबानी आहे ? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु हजारों कुटुंबांची रोजची भाकरी त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें त्याचा विचार करणें अवश्य आहे.

परवाने मुळींच नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. रस्ता हा प्रथम चालणाऱ्याचा आहे. आजाऱ्याची गाडी, शाळेंत जाणारीं मुलें आणि काठी टेकीत जाणारा म्हातारा यांस वाट मिळालीच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१७ मध्यें रेल्वे स्टेशनापासून १५० मीटरच्या आंत फेरीच्या धंद्यास मनाई असल्याचा निर्णय दिला, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. नियम असावा, मात्र तो नियम असावा, मर्जी नसावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

मुंबईचा म्युनिसिपल कायदा १८८८ सालचा, म्हणजे परकी अमदानींतला आहे. त्याच्या कलम ३१३-क अन्वयें कमिशनरांच्या परवान्यावांचून सार्वजनिक रस्त्यावर कोणतीही वस्तु विकतां येत नाहीं, आणि कलम ३१४ अन्वयें बेकायदा मांडलेला माल सूचना न देतां उचलतां येतो. राज्यकर्ते आणि रयत या नात्यास हें साजेसें होतें. परंतु १९५० सालीं आमची राज्यघटना अंमलांत आली आणि हें नातें उलटें झालें. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें कोणताही धंदा करण्याचा हक्क नागरिकास दिला. सरकारास त्यावर वाजवी निर्बंध घालण्यापुरताच अधिकार उरला. सोदानसिंगाच्या खटल्यांत १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, रस्त्यावर फेरी करून पोट भरणें हाही या हक्कांतच येतो. मात्र अमुक एक जागा माझीच, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. त्यापूर्वीं १९८५ सालीं ऑल्गा टेलिस यांच्या खटल्यांत न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायाधीशांनीं असें सांगितलें कीं, कलम ३१४ मध्यें सूचनेवांचून हटविण्याचा अधिकार असला, तरी सामान्यतः माणसाचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून तो वापरतां कामा नये. सारांश, कायद्याच्या दृष्टीनें प्रश्न केव्हांच सुटला आहे. अडलें आहे तें कचेरीच्या खिडकीवर.

१ मे २०१४ पासून अंमलांत आलेला फेरीवाल्यांचा कायदा पाहा. तो कागदावर उत्तम आहे. दर पांच वर्षांत निदान एकदां फेरीवाल्यांची पाहणी व्हावी. प्रत्येक शहरांत फेरीवाला समिति असावी व तींत शेंकडा ४० जागा फेरीवाल्यांनीं निवडलेल्या प्रतिनिधींच्या असाव्यात, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या असाव्यात. लोकसंख्येच्या शेंकडा अडीचपर्यंत फेरीवाल्यांस सामावून घेण्याची योजना असावी. आणि पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रें वांटलीं जाईपर्यंत कोणासही हुसकूं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. जप्त केलेला नाशवंत माल, मालकानें मागणी केल्याच्या त्याच दिवशीं परत करावा, इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत करावा, असेंही कलम आहे.

अंमलबजावणीची गोष्ट मात्र निराळी. मुंबईत २०१४ च्या पाहणींत सुमारें ९९ हजार अर्ज आले. त्यांतून पात्र ठरले ते सुमारें ३२ हजार, आणि या यादीवर समितीची निवडणूक व्हावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला. दहा वर्षें कोथिंबिरीची जुडी कोणासाठीं थांबत नाहीं. ज्या माणसास परवाना मिळाला नाहीं, त्यानें या दहा वर्षांत खाल्लें काय ? उत्तर उघड आहे : त्यानें धंदा केलाच, पण चोरासारखा केला. परवाना मिळत नाहीं म्हणून धंदा बंद पडत नाहीं; फक्त त्याची फी म्युनिसिपालिटीच्या तिजोरींत जाण्याऐवजीं हप्त्याच्या रूपानें भलत्याच खिशांत जाते. अशा पैशास पावती नसते, म्हणून त्यास सीमाही नसते. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, या म्हणीची प्रचीति याहून स्पष्ट कोठें पहावयास मिळेल ?

आमचे दुकानदार बंधु येथें म्हणतील कीं, आम्ही भाडें भरतों, कर भरतों, आणि आमच्याच दाराशीं हातगाडी उभी राहते, त्याचें काय ? ही तक्रार खोटी नाहीं. परंतु ती मिटविण्याचा मार्ग गाडीवाल्यास परवाना नाकारणें हा नव्हे. ज्याच्याजवळ परवाना आहे त्याची जागा, वेळ आणि गाडीची लांबीरुंदी ठरलेली असते. नियम मोडल्यास तो परवाना गमावूं शकतो. ज्याच्याजवळ गमावण्यास कांहींच नाहीं, त्यास नियमाचें भय कशाचें ? दुकानदाराच्या दारापुढील वाट मोकळी राहावी असें वाटत असेल, तर फेरीवाल्यास नोंदलेली जागा मिळाली पाहिजे. दोघांचें हित एकच आहे. त्यांचें भांडण लावून जो मधल्यामध्यें खातो, त्याचेंच तेवढें निराळें आहे.

हाच न्याय वर्गणीस लागू आहे. महाराष्ट्रास वर्गणीचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. १८९३ पासून लोकमान्यांनीं सार्वजनिक केलेला गणेशोत्सव वर्गणीवरच वाढला. एकेका पैशानें जमलेल्या पैसाफंडानें १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना उभारला. लोकांनीं तो पैसा दिला, कारण तो कोठें जातो हें त्यांस दिसत होतें. आज नोंदणी नसलेल्या मंडळास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क अन्वयें धर्मादाय कचेरीची परवानगी काढावी लागते व मागून हिशेब द्यावा लागतो; मांडवाची परवानगी म्युनिसिपालिटीची वेगळीच. ही अट योग्य आहे, कारण देणाऱ्याच्या पैशाचें रक्षण हा तिचा हेतु आहे. पण हिशेब कचेरीच्या कपाटांत पडून राहिला, तर रक्षण झालें कोणाचें ? बाजारांत दमदाटीनें पावती फाडणारा आणि प्रामाणिकपणें झोळी फिरविणारा हे दोघे व्यापाऱ्यास सारखेच दिसूं लागतात, आणि शेवटीं प्रामाणिक माणूसच रित्या हातानें परततो.

इंग्लंडांत घरोघर वर्गणी जमविण्यासंबंधीं १९३९ सालीं कायदा झाला. परवाना कोणत्या कारणांनीं नाकारतां येईल, तीं कारणें त्यांत मोजून दिलीं आहेत; जमलेल्या रकमेच्या मानानें सत्कार्यास फारच थोडें जाणार असेल, किंवा जमविणारेच भरमसाट मेहनताना घेणार असतील, हीं त्यांपैकीं होत. नकार दिल्यास कारण लेखी कळविलें पाहिजे आणि त्यावर अपील चालतें. इंग्रजानें स्वतःच्या घरीं आपल्या अधिकाऱ्यास असें वेसण घातलें. आम्हीं मात्र त्यानें आमच्यासाठीं ठेवून दिलेली मोकळी मर्जी स्वराज्यांतही जपून ठेवावी, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

सुधारणा अशक्य नाहीं. २०१७ च्या महाराष्ट्र दुकानें कायद्यानें दहांपेक्षां कमी नोकर असलेल्या दुकानास नोंदणीच्या जागीं केवळ कळविणें पुरेसें ठरविलें. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवेस मुदत लावली, अपील दिलें, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला. तेंच तत्त्व सर्व परवान्यांस लावावें. अर्जाची पोंच त्याच दिवशीं मिळावी; मुदत ठरलेली असावी; नकार लेखी व सकारण असावा; आणि परवान्यांची यादी व वर्गणीचे हिशेब वॉर्डावॉर्डांत उघड्या फलकावर लागावे. यास नवा कायदा लागत नाहीं, इच्छा लागते.

ती इच्छा मात्र आपोआप उत्पन्न होणार नाहीं. व्यापाऱ्यांनीं पावतीवांचून एक रुपयाही देऊं नये, मग मागणारा गणवेशांतला असो कीं मंडळाचा असो. आणि नागरिकांनीं आपल्या नगरसेवकास रस्ता केव्हां होणार हें विचारतांना, यादी केव्हां लावणार हेंही विचारावें. हक्क असूनही जो हात जोडून मागतो, त्यास मेहेरबानीच मिळते. हक्क म्हणून मागणाऱ्यास आज ना उद्यां कायदा मिळाल्यावांचून राहत नाहीं.