पंचनाम्याआधी माणसाकडे बघा!

केळापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मनाची दखल सरकार केव्हा घेते? त्याने जीव दिल्यावर. मग तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबारा तपासला जातो, कर्ज बँकेचे की सावकाराचे याचा कीस पडतो आणि जिल्ह्याची समिती ठरवते, की हा मृत्यू मदतीस पात्र की अपात्र. पात्र ठरला तर 1 लाख रुपये; त्यांतले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. आम्ही विचारतो: हाच माणूस रात्ररात्र जागा होता, छातीत धडधडत होते, घास गिळवत नव्हता, तेव्हा त्याच्यासाठी कोणती समिती बसली होती?

कोणी असे समजू नये, की शेतकऱ्याच्या दुःखावर मनोविकाराचे लेबल चिकटवून आम्ही कापसाच्या भावाचा प्रश्न गुंडाळू पाहतो. भाव मिळालाच पाहिजे, कर्ज फिटलेच पाहिजे. पण पोट आणि मन ही एकाच माणसाची असतात. एकाचे नाव पुढे करून दुसऱ्याला उपाशी ठेवता येत नाही. शिवाय या तालुक्यात अशीही माणसे आहेत, जी मरत नाहीत, म्हणून कोणत्याच कागदावर येत नाहीत. चिंतेच्या आजाराने आणि मंत्रचळाने, म्हणजे ओसीडीने, ती वर्षानुवर्षे आतून पोखरली जातात.

हा मंत्रचळ दिसतो कसा? 2017च्या फवारणीच्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. तेव्हापासून औषधाच्या डब्याची भीती वाटणे शहाणपणाचे आहे. पण फवारणीशी संबंध नसलेली बाई, नवऱ्याच्या सदऱ्याला हात लागला म्हणून कातडी सोलवटेपर्यंत हात धुते, लेकराला जवळ घेत नाही, धुतलेली भांडी पुन्हा पुन्हा घासते, तेव्हा तो आजार असतो. दाराची कडी वीस वेळा तपासणारा, देवापुढे उभे राहताच मनात देवालाच शिवी उमटते म्हणून हादरलेला, आपल्याच तान्ह्याला आपल्या हातून इजा होईल या विचाराने विळीला हात न लावणारी आई: ही सारी याच आजाराची माणसे. ती वाईट नसतात. तो विचार त्यांना नकोसा असतो, म्हणून तर त्या भयाने ती अर्धी होतात, आणि लाजेपायी कोणाला सांगत नाहीत.

एकदा हात धुतला की भीती क्षणभर ओसरते, आणि त्या क्षणभराच्या सुटकेनेच पुढची भीती बळावते. सावकाराला व्याज भरत राहावे आणि मुद्दल तसेच राहावे, तसा हा व्यवहार आहे. आणि आपण काय करतो? सासूला सून ‘फार सोवळ्याची’ वाटते; शेजारी ‘रिकाम्या डोक्याचे खेळ’ म्हणतात; जाणता म्हातारा ‘बाहेरचे आहे’ असा निकाल देतो. धिक्कार असो या निकालांचा! ज्याचा पाय मोडला त्याला ‘मनावर घेऊ नकोस, चाल’ असे सांगणाऱ्याला आपण निर्दय म्हणतो. मन मोडलेल्याला तेच सांगणारे गावात शहाणे ठरतात.

मग सुरू होते उपायांची वणवण. आधी अंगारा, मग गंडादोरा, मग मांत्रिक. केळापूरच्या जगदंबेपुढे कोणी हात जोडले, धीर मिळाला, तर आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप आजाऱ्याच्या पाठीवर भूत उतरवण्याच्या नावाने कोरडे ओढणाऱ्यांना आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी प्राणांचे मोल दिले, तेव्हा कुठे त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा पोलीस ठाण्याच्या कपाटात ठेवण्यासाठी झालेला नाही. मांत्रिकानंतर सलाईन आणि ताकदीचे इंजेक्शन देणारा भेटतो. त्यानंतर झोपेची गोळी येते. ती काही दिवस शांत करते आणि चिठ्ठीवाचून महिनोन्महिने चालली तर स्वतःच नवे व्यसन होते. खरा मनोविकारतज्ज्ञ या रांगेत सर्वांत शेवटी येतो, तोवर घरातले दागिने मोडलेले असतात.

आणि तिथेही घात होतो. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्या या आजारावर चालतात, पण त्यांचा गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, मात्राही अनेकदा वाढवावी लागते. हे रुग्णाला कोणी समजावत नाही. पंधरा दिवसांत तो गोळी टाकून देतो आणि ‘डॉक्टरही करून पाहिला’ म्हणत पुन्हा मांत्रिकाकडे वळतो. गोळीइतकाच गुणकारी दुसरा उपचार आहे. भीती वाटते त्या वस्तूला पायरीपायरीने हात लावायचा आणि हात न धुता थांबायचे, भीती आपोआप उतरेपर्यंत. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली लंडनमध्ये या वाटेची पहिली यशस्वी नोंद केली. या उपचाराला यंत्र लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही. लागतो तो शिकलेला, धीराचा माणूस. सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही, काहींना गोळी बदलावी लागते, काहींना दोन्ही लागतात. पण बहुसंख्यांचे जगणे सुधारते. साठ वर्षे झाली, तो उपचार कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, का पोहोचला नाही?

‘खेड्यात हे होत नाही’ ही सबब आम्हाला सांगू नका. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने 30 गावांत गावातलीच माणसे शिकवून उभी केली. नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात 2015 पासून आशाताई दारोदार फिरत आहेत. त्यांच्या प्रश्नांत चिंता आणि मंत्रचळ यांची नीट विचारणा असलीच पाहिजे, आणि त्या कामाचा पुरता मोबदलाही त्यांना मिळाला पाहिजे.

कायदा तर आमच्या बाजूने उभा आहे. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. तो सांगतो, की उपचारासाठी कोणाला लांबचा प्रवास करावा लागू नये. दारिद्र्यरेषेखालच्यांना उपचार मोफत मिळावेत. आणि किमान सेवा नसेल तर जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा. केळापूर तालुक्याचे ठिकाण असलेल्या पांढरकवड्याहून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय सत्तरेक किलोमीटर, नागपूर त्याच्या दुप्पट. मजुरी बुडवून ही वाट दर महिन्याला कोण तुडवणार?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दर बाजाराच्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ बसलाच पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मंत्रचळावरच्या या गोळ्या बाराही महिने असल्या पाहिजेत. मराठीबरोबर कोलामी, गोंडी, तेलुगू बोलणारे समुपदेशक नेमून त्यांना भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याचा तो उपचार शिकवला पाहिजे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक शाळेच्या, रेशन दुकानाच्या, जिनिंगच्या भिंतीवर ठळक रंगवला पाहिजे.

या तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी भागातल्या स्वशासनाच्या पेसा कायद्याने त्यांच्या ग्रामसभेला बळ दिले आहे. ते बळ आता वापरा. येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव करा, सरपंचाच्या सहीने तो जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा आणि लेखी उत्तर आल्याखेरीज उठू नका. आम्ही भीक मागत नाही. कायद्याने मान्य केलेले देणे आम्ही वसूल करायला निघालो आहोत!