कॅमशाफ्टचं गाव आणि सव्वासहा लाखांचं एस्टिमेट

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, पण गाडीवाल्यांनी शेवटपर्यंत वाचा. दुचाकीवाल्यांनीही वाचली तर बिघडत नाही.

माझ्याकडे 2007 ची दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच नोटीस नको. आता लगेच म्हणू नका की सायबाला खाज आहे श्रीमंतीची. गिरणी कामगाराचा पोरगा आहे मी. एमआयडीसीत कॅम ग्राइंडिंगवर सोळा वर्षं उभा राहिलो, त्यातून पैसे साठवून सेकंडहँड घेतली. पोराच्या शाळेची फी थकवून नाही घेतली.

दिवाळीनंतर इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली आणि पिकअप गेला. पुण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला टो करून नेली. तिसऱ्या दिवशी एस्टिमेट आलं, सहा लाख पंचवीस हजार. हेड असेंब्ली पूर्ण बदलायची म्हणे. गाडी विकायला काढली तर चार लाख कुणी देणार नाही! काउंटरवरचा मुलगा वर सल्ला देतो, "सर, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला करता, स्क्रॅपला घाला."

गाडी परत सोलापुरात आणली. आमच्या मिस्त्रींनी टॅपेट कव्हर उघडलं आणि अर्ध्या तासात म्हणाले, "हेडला काय बी झालेलं नाही. वाटीनं घात केलाय."

वाटी म्हणजे फॉलोअर. या इंजिनात पेट्रोलचा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टच्या टोकावरच्या एका लोबवर चालतो. लोब आणि पंपाचा दांडा यांच्या मध्ये अंगठ्याच्या टोपणाएवढी एक पोलादी वाटी असते, वरून काळं कडक कोटिंग. कोटिंग घासलं की वाटी झिजते, मग तिला भोक पडतं, आणि पंपाचा दांडा थेट लोबवर आपटायला लागतो. कॅमशाफ्टचा कडकपणा वरच्या थरात असतो. तो थर गेला की आतलं लोखंड खडूसारखं उगाळलं जातं आणि त्याचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. मी स्वतः मायक्रोमीटर लावला. लोब दीड मिलिमीटर खाल्लेला. आयुष्यभर ज्या उंचीसाठी आम्ही मायक्रॉनवर भांडलो, तिथे दीड मिलिमीटर!

ही वाटी दोन-अडीच हजारांची. तीन बोल्ट काढून पंप बाजूला केला की हातात येते. दर सर्व्हिसला नुसती बघितली असती तरी कॅम वाचला असता. चार सर्व्हिस मी त्यांच्याकडेच केल्या, पावत्या आहेत. विचारलं तर म्हणे चेकलिस्टमध्ये नाही. मग चेकलिस्टमध्ये काय आहे? परफ्यूम आणि इंटिरिअर क्लीनिंग!

बरं, म्हटलं फक्त इनटेक कॅमशाफ्ट, वाटी आणि पंप विकत द्या, आमचे मिस्त्री बसवतील. उत्तर आलं, "पार्ट काउंटरवर देत नाही, गाडी इथे लावली तरच." आता यात गंमत बघा. आपल्या चिंचोलीच्या एमआयडीसीतून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल जगातल्या मोठमोठ्या कार कंपन्यांना जातो. कॅमशाफ्टसाठी ओळखलं जाणारं गाव आपलं, आणि एका कॅमशाफ्टसाठी मी पुण्याच्या काउंटरवर हात जोडून उभा.

आणि हे "देत नाही" प्रकरण साधं नाहीये. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच मुद्द्यावर 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि डायग्नॉस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. पार्ट खुल्या बाजारात द्या, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. वकिलांची घरं झाली असतील, आपल्याला पार्ट काही मिळाला नाही. 2022 च्या डिसेंबरात केंद्राने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पोर्टल आहे, सक्तीचा कायदा नाही. म्हणजे पाटी लावली, दुकान बंद.

कुणी म्हणेल, जुनी गाडी बिघडणारच. मान्य. क्लच जाईल, रबर जाईल, बुश जातील. पण डिझाइनमध्येच एक भाग कच्चा असेल तर त्याचा भुर्दंड कायम दुसऱ्या-तिसऱ्या मालकानेच का भरायचा? पोर्शेचंच बघा. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून 911 आणि बॉक्सस्टरच्या इंजिनात, कॅम चालवणाऱ्या इंटरमीजिएट शाफ्टचं एक बेअरिंग अचानक बसायचं आणि अख्खं इंजिन भंगारात. अमेरिकेत मालकांनी एकत्र येऊन दावा लावला आणि 2013 मध्ये ठरावीक वर्षांच्या गाड्यांसाठी तडजोड झाली. तिथे लोक एकत्र आले. आपण वेगवेगळे जाऊन त्याच काउंटरवर डिस्काउंट मागतो.

आणि "आमच्याकडे कुठं स्पोर्ट्स कार" म्हणून हसू नका. डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो, व्हेरिएबल कॅम हे सगळं आता साध्या हॅचबॅकमध्ये येऊन बसलंय. दहा वर्षांनी ती हॅचबॅक तुमच्याकडे किंवा तुमच्याकडून घेणाऱ्या रिक्षावाल्याच्या पोराकडे असेल. तेव्हा ज्यांनी अख्खी हयात कान लावून इंजिन ओळखलं ते मिस्त्री असतील, पण त्यांना पार्टही मिळणार नाही आणि स्कॅनरचा पासवर्डही.

सध्या गाडी मिस्त्रींच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. चेंबर उतरवून चुरा धुतलाय, ऑइल पंपाची जाळी साफ केलीय. कॅमशाफ्ट दुबईहून मागवला. कस्टम धरून सगळं काम दीड लाखाच्या आत बसेल असा मिस्त्रींचा अंदाज आहे. सव्वासहा कुठे, दीड कुठे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार या सोमवारी देतोय. "पार्ट काउंटरवर मिळणार नाही" असं कुणाला ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी आलं असेल, कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही गाडीचं, तर स्क्रीनशॉट इनबॉक्स करा. तोंडी सांगितलेलं चालत नाही, वकिलांनी बजावलंय.