कोवळ्या खांद्यांवरचा भार

२६ डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्नच्या मैदानावर ८७ हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या साक्षीने सॅम कॉन्स्टास हा एकोणीस वर्षांचा मुलगा ऑस्ट्रेलियाच्या सलामीला उतरला. बुमराहच्या पहिल्या काही षटकांत तो अक्षरशः चाचपडत होता. मग त्याने बॅट उलटी फिरवून त्याच बुमराहचा चेंडू मागे सीमापार भिरकावला. कसोटी क्रिकेटमध्ये जवळजवळ चार वर्षे ज्या गोलंदाजाला कोणी षटकार मारला नव्हता, त्याला ह्या पोराने एका सकाळी दोन मारले. ६५ चेंडूंत ६० धावा काढून जडेजाच्या चेंडूवर तो पायचीत झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाला नवा वीर गवसला असे सर्वांनीच ठरवून टाकले.

त्यानंतर एक वर्षही पुरते उलटले नाही, तोच नोव्हेंबर २०२५ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या ॲशेस मालिकेचा संघ निवडताना निवड समितीने त्याला वगळले आणि एकतीस वर्षांच्या जेक वेदराल्डला सलामीस धाडले. आधीच्या मोसमात शेफील्ड शील्डमध्ये सर्वाधिक धावा वेदराल्डच्या होत्या, तेव्हा त्याच्या निवडीस नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कॉन्स्टासला कोणत्या हिशेबाने घेतले व कोणत्या हिशेबाने सोडले हा.

डेव्हिड वॉर्नर जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाल्यापासून ही जागा म्हणजे धर्मशाळा झाली. प्रथम स्टीव्ह स्मिथसारख्या मधल्या फळीच्या आधारस्तंभाला तेथे उभे केले. तो प्रयोग फसल्यावर नेथन मॅकस्वीनी आला. त्याच्या सहा डावांत ७२ धावा झाल्या आणि चार वेळा बुमराहनेच त्याला टिपले. मॅकस्वीनी शांत, बचाव भक्कम ठेवू पाहणारा फलंदाज. पण निवड समितीला आता बचाव नको होता, बुमराहची लय मोडणारा कोणी हवा होता. कॉन्स्टासने ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात १५२ व १०५ धावा केल्या होत्या, हे खरे. कॅनबेरात भारताविरुद्धच शतकही ठोकले होते. तरीही त्याची निवड झाली ती एका कामगिरीसाठी, आणि ती त्याने चोख बजावली. उस्मान ख्वाजासह त्याने ८९ धावांची सलामी दिली, ऑस्ट्रेलियाने ४७४ धावा उभारल्या आणि कसोटी १८४ धावांनी जिंकली.

त्याच सकाळी छत्तीस वर्षांच्या विराट कोहलीने चालता चालता ह्या मुलाला खांदा मारला. त्याबद्दल कोहलीच्या मानधनातून २० टक्के दंड कापला गेला. तो कमीच होता, असे आम्ही तेव्हाही म्हटले असते व आजही म्हणू. आपला खेळाडू म्हणून बाजू घेण्याचे ते प्रकरण नव्हे. मात्र त्या धक्क्याने कॉन्स्टास रातोरात भांडखोर म्हणून प्रसिद्धीस आला व ती भूमिका त्यालाही आवडू लागली. सिडनीत पहिल्या दिवसाच्या अखेरच्या षटकात तो बुमराहशी विनाकारण शब्दाला शब्द वाढवीत राहिला. पुढच्याच चेंडूवर बाद झाला तो समोरचा ख्वाजा. मुलाला आवरणारे वडीलधारे त्या संघात कमी नव्हते. परंतु ज्या उद्दामपणासाठी त्याला आणले, तोच आवर म्हणून कोण सांगणार?

मग आला श्रीलंकेचा दौरा. तेथे त्याला नेले, पण एकही कसोटी खेळविली नाही. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातही तो बाहेरच बसला. जवळजवळ सहा महिने कसोटीपासून दूर ठेवून त्याला एकदम वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात सलामीस पाठविले. खेळपट्ट्या अशा, की भले भले फलंदाज तेथे धडपडले. किंग्स्टनला तर यजमानांचा संपूर्ण डाव २७ धावांत आटोपला. अशा तीन कसोटींत कॉन्स्टासच्या धावा झाल्या ३, ५, २५, ०, १७ आणि ०. बेरीज पन्नास. मेलबर्नला बेधडक फटके मारणारा हा मुलगा येथे चेंडू सोडावा की खेळावा ह्याच संभ्रमात दिसला. त्याला आता नव्या चेंडूवर तासन् तास तग धरणारा सलामीवीर होण्यास सांगितले होते, आणि ती विद्या त्याने शिकावी म्हणून मधल्या काळात कोणी सवड दिली नव्हती.

पाच कसोटी, दहा डाव, १६३ धावा. हे आकडे त्याच्या बाजूने बोलत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये लखनौला भारत ‘अ’ संघाविरुद्ध त्याने १०९ धावा केल्या. परंतु मायदेशी शील्डचा मोसम सुरू होताच धावा आटल्या. त्या वेळी त्याला संघात ठेवा म्हणणे हे इतरांवर अन्यायाचे ठरले असते. आमचा आक्षेप वगळण्यावर नाही, आधीच्या घाईवर आहे.

आणि ही घाई नवी नाही. फिलिप ह्यूजने वयाच्या विसाव्या वर्षी, मार्च २००९ मध्ये, डर्बनला दोन्ही डावांत शतके काढली. त्याच वर्षीच्या ॲशेसमध्ये दोन कसोटींनंतर त्याला बाजूला सारले. आपल्याकडेही वेगळे काय घडले? विरारच्या पृथ्वी शॉने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पदार्पणात १३४ धावा केल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची तुलना थेट तेंडुलकरशी केली. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ० व ४ असे दोन डाव झाले आणि त्याची कसोटी कारकीर्द पाच सामन्यांवर थांबली. शॉच्या घसरणीस तो स्वतःही जबाबदार आहे. पण मुंबईच्या मैदानांवर शाळकरी वयापासून ज्याच्या प्रत्येक धावेचे कौतुक झाले, त्याला अपयश पचविण्याचे शिक्षण कोणी दिले होते?

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्याच घरात आहे. मॅथ्यू हेडन १९९४ मध्ये कसोटीत आला आणि पहिल्या सात कसोटींत फारसे काही न करता बाहेर गेला. क्वीन्सलँडसाठी वर्षानुवर्षे धावांचे डोंगर रचीत तो परतला. २००१ मध्ये भारताच्या दौऱ्यावर ह्याच हेडनने तीन कसोटींत ५४९ धावा केल्या, त्यांत चेन्नईचे द्विशतक होते. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. कॉन्स्टासचा जन्म २ ऑक्टोबर २००५ चा.

जानेवारी २०२६ मध्ये ख्वाजाही निवृत्त झाला आणि सलामीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कॉन्स्टासचे नाव चर्चेत येत राहील, यात शंका नाही. शील्डचे दोन सबंध मोसम त्याला निर्वेध खेळू द्यावेत, दर शतकानंतर त्याच्या नावाचा गजर करू नये आणि पुन्हा बोलावताना सकाळचे दोन तास खेळून काढण्यासाठी बोलावतो आहोत की एका गोलंदाजाला सतावण्यासाठी, हे त्याला आधी स्पष्ट सांगावे, असे आम्हांस वाटते.