स्पर्शपडद्याचा स्वस्त फोन : बोट शेतकऱ्याचेच हवे

शेतीत नवे अवजार आले की प्रथम त्याविषयी शंका निघतात, आणि त्यात वावगे काही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारात आला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे अनेक शेतकरी म्हणत. नांगर चालवून पाहिला, तेव्हा ती शंका मावळली. अवजाराची परीक्षा शेतातच व्हावी लागते. अल्प किमतीच्या स्मार्टफोनलाही हाच न्याय लावावा, या हेतूने मी सुमारे सात हजार रुपयांचा एक फोन घेतला आणि भोर व वेल्हे भागांत भातलावणीपासून पुढे दोन महिने तो वापरून पाहिला. त्यावरून जे मत बनले, ते येथे मांडीत आहे.

पहिला अनुभव निराशेचा होता. भोरच्या पश्चिमेस एका खाचराच्या बांधावर, पावसाची झड चालू असता, मी फोन बाहेर काढला. काचेवर थेंब पडताच भलतीच पाने उघडू लागली, आणि बोट टेकवावे तर फोन ते ओळखीना. याचे कारण समजून घेतले म्हणजे उपायही सापडतो. हा पडदा दाबाने चालत नाही. काचेखाली सूक्ष्म विद्युतभार असतो. बोट टेकताच त्यात बदल होतो आणि तो बदल फोन टिपतो. पाण्याच्या थेंबानेही तसाच बदल होत असल्याने फोनची फसगत होते. उलटपक्षी, कुदळ-खुरप्याने घट्टे पडलेले कोरडे बोट त्याला पुष्कळदा जाणवत नाही. म्हणून हात व काच फडक्याने पुसून घ्यावी, बोटाचे टोक न टेकवता पेराचा मऊ भाग टेकवावा, आणि पावसात फोन इरल्याच्या आडोशाला धरावा. उन्हात अक्षरे दिसेनाशी झाली, तर सूर्याकडे पाठ करून आपल्याच सावलीत पाहावे.

दुसरी अडचण डोंगरांची. तोरणा-राजगडाच्या सोंडांमागील खोऱ्यांत रेंज मध्येच नाहीशी होते. रेंज शोधण्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. अशा ठिकाणी काम नसेल तेव्हा एरोप्लेन मोड लावून ठेवावा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेताचे स्थान फोनला उपग्रहांकडून कळते. त्यासाठी रेंज लागत नाही, मोकळे आकाश लागते. झाडीखाली किंवा कड्याला लागून उभे न राहता शेताच्या मध्यावर यावे व थोडा वेळ थांबावे. स्थान मिळाले नाही म्हणून कित्येक जण उगाच माघारी फिरतात.

या दोन अडचणी सोडल्या, तर स्वस्त फोन शेतकऱ्याच्या कामास पुरा पडतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. महागड्या फोनाचा हव्यास धरण्याचे कारण नाही. ‘मेघदूत’वर हवामानाधारित शेतीसल्ला मिळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’वर जवळपास वीज कोसळण्याची पूर्वसूचना मिळते, आणि उघड्या माळावर गुरे राखणाऱ्याला तिचे मोल सांगावयास नको. लिहिता येत नसेल, तर मराठीत बोलून विचारता येते. आणि मुख्य म्हणजे, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करता येते.

पण खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. एका गावात असे आढळले की, एका उत्साही तरुणाने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नोंदी आपल्याच फोनवरून करून दिल्या. हेतू चांगला होता. परंतु वरकस जमिनीतील नाचणी व वरी राहून गेली आणि सरसकट भातच लागला. मुदत टळल्यावर ही चूक उमगली. सातबाऱ्यावरील पीक ही केवळ कागदावरील ओळ नव्हे. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, पीककर्ज अशा अनेक प्रसंगी तीच पाहिली जाते. डोंगरउतारावरील नाचणी कागदावर नसेल, तर अतिवृष्टीत ती वाहून गेल्याचे कोणास कसे पटवावे?

या भागात आणखी एक गोष्ट दिसते. घरातला चांगला फोन कामानिमित्त पुण्यास गेलेल्या मुलाजवळ असतो आणि शेत आईच्या हाती असते. छायाचित्र मात्र शेतात उभे राहूनच काढावे लागते. तेव्हा फोन ज्याला चालवता येतो त्याच्याकडे असण्यापेक्षा जो शेतात राबतो त्याच्याकडे असावा, आणि त्याला तो चालवता यावा, हे अधिक महत्त्वाचे आहे.

हे शिकवण्याचे काम तलाठ्याचे की शेतकऱ्याचे, असा वाद घातला जातो. सरकारी काम शेतकऱ्याच्या माथी मारले, या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वृद्ध, अपंग व अक्षरशत्रू खातेदारांना साहाय्य मिळालेच पाहिजे. परंतु ज्याला शिकता येते, त्याने आपल्या पिकाची साक्ष दुसऱ्यावर सोडू नये.

याबाबतीत आपल्याच जिल्ह्याचा एक धडा उपयोगी पडेल. १९५६ साली पुणे नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग सुमारे दीडशे गावांत केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा व नंतर त्यावर चर्चा करावी, अशी योजना होती. जेथे अशी मंडळे बसली तेथे लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले; जेथे नुसता रेडिओ होता, तेथे फारसा फरक पडला नाही. यंत्र तेच, पण चार माणसे एकत्र बसल्याने फळ निराळे मिळाले.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना माझे सांगणे इतकेच आहे : नोंद भरून देऊ नका, भरवून घ्या. मंदिराच्या ओसरीवर पाच-सहा जणांना, त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, एकत्र बसवा आणि त्यांचेच फोन त्यांच्याच हाती ठेवा. आपले बोट पुढे करण्याचा मोह आवरा. एकाची नोंद करण्यास तुम्हाला पाच मिनिटे लागतात, शिकवण्यास तास लागेल. पण पुढच्या हंगामात तो तास वाचेल आणि तो शेतकरी आणखी दोघांना शिकवील. भरलेली नोंद पुढे पोचली की नाही, हे रेंजमध्ये आल्यावर पाहण्याची सवय लावा. फोनवर आलेला गुप्त अंक कोणासही, अगदी ओळखीच्यासही, सांगू नये, आणि पैशाची फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, हेही त्याच बैठकीत सांगा. ज्यांच्याजवळ साधाच फोन आहे त्यांना किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक पाठ करवा.

आपल्या शेतात काय उभे आहे, हे शेतकऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? ते सांगण्याचे साधन आता त्याच्या आटोक्यात आले आहे. ते त्याच्या हातात रुळावे, एवढे काम आपल्याकडे उरले आहे.