आहाराचे धडे बाईलाच का?

२०१८ पासून दर सप्टेंबरात 'पोषण महिना' साजरा होतो. तक्ते लागतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात. ऐकायला बसलेल्या असतात बायकाच. पालेभाज्या खा, कडधान्यं खा, गोळ्या चुकवू नका. जणू बाईला कळत नाही म्हणूनच तिच्या अंगात रक्त नाही!

किहीमच्या बाईला काय कळत नाही? पावसात टाकळा कुठे उगवतो, वालाला मोड कसे आणायचे, मासेमारी बंद असताना पुरेल इतका जवळा किती भरून ठेवायचा, हे ती तक्त्यावरून शिकलेली नाही. पण मासळीचा तुकडा नवऱ्याला आणि मुलांना, रस्सा तिला. तोही सगळे उठल्यावर. दिवसभर मुंबईकरांच्या बंगल्यावर रांधायचं आणि घरी येऊन पुन्हा चूल. हा प्रश्न अज्ञानाचा आहे की वाटणीचा?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हाच आकडा ४८ होता. देशात या वयाच्या बायकांत ५७ टक्के, तर पुरुषांत २५. पाळी आणि बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण मग तिला जास्त मिळायला हवं ना? मिळतं मात्र उरलंसुरलं.

सरकार तरी काय वेगळं करतं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर बाईला कुटुंबप्रमुख केलं, पण पिशवीत हक्काचं पडतं ते नुसतं धान्य. शाळेत २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून 'लोकवर्गणी काढा' असं सांगण्यात आलं. एकीकडे सकस आहाराचा उपदेश, दुसरीकडे अंड्याला पैसे नाहीत!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. रेशनवर दरमहा डाळ आणि तेल द्या. मुलांच्या अंड्याचा खर्च सरकारने उचलावा. पोषणाच्या सभांना पुरुषांनाही बोलवा. वाटणीचा धडा त्यांनाही हवा.

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट सरकारवाचूनही करता येईल. घरात सगळ्यांची ताटं एकदम वाढा, त्यात आपलंही. 'तुम्ही जेवून घ्या, माझं होईल मागून' हे वाक्य आपल्या मुलींनी आपल्या तोंडून ऐकता कामा नये.